नंदीची गळती

माझ्या आईनं माझ्या थोरल्या बहिणीशी बोलणं का सोडलं, हे आजवर नात्यातल्या पुष्कळ लोकांनी मला विचारलं. कुणाला वाटलं लग्नावरून बिनसलं असेल, कुणाला वाटलं जमिनीवरून. मी प्रत्येकाला खरं तेच सांगत आले, की त्याचं मूळ आमच्या दारातल्या एका मोटारीच्या टाकीत होतं. आणि ऐकणाऱ्यानं प्रत्येक वेळी माझ्याकडं, हिचंही आता वय झालं, अशा नजरेनं बघितलं. झालंय वय, मी कुठं नाही म्हणते? गुडघे गेले, दात गेले, डाव्या कानाला हाक पोचत नाही. पण ती मोटार, ते शहाबादी फरशीचं अंगण आणि त्या अंगणात एकमेकींसमोर उभ्या राहिलेल्या त्या दोघी मला अजून लख्ख दिसतात. दिसायच्या बंद होण्याआधी लिहून टाकावं म्हणून बसलेय.

गाडी माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. अप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली तेव्हाच तिचे सांधे बोलत होते. पांढरा रंग, पुढं आलेले गोल दिवे, रुंद पाठ आणि स्वभाव असा की बसली की बसली. सकाळी चार हाका मारल्याशिवाय उठायची नाही. आमचं घर शिवाचं, लिंगायत, सगळ्यांच्या गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. असली पांढरी, लठ्ठ, हट्टी वस्तू दारात येऊन बसल्यावर तिचं नाव नंदी पडायला वेळ लागला नाही, आणि त्या दिवसापासून ‘ती गाडी’ जाऊन ‘तो नंदी’ झाला. अप्पांचं नवी पेठेत कापडाचं दुकान होतं, पण तिथं ते सायकलवर जायचे. नंदी होता तो रविवारसाठी, आणि अव्वाच्या माहेरासाठी. अव्वा म्हणजे आमची आई, अक्कलकोटच्या पुढच्या एका कानडी गावची. तिथवर जाऊन यायचं म्हणजे नंदी जेवढं पेट्रोल प्यायचा त्यातलं थोडं रस्त्याला सांडायचा. “म्हातारं माणूस हाय, थोडं गळणारच की,” असं अप्पा म्हणायचे. अव्वा डोळे वटारायची आणि मागच्या सीटवर आम्ही दोघी बहिणी खिडकीकडं तोंड करून हसायचो.

तर नंदीची गळती हा आमच्या घरचा रविवारचा उद्योग. गॅरेजवाल्याकडं गाडी सोडली की ती तिथंच राहते आणि येताना नवं दुखणं घेऊन येते, असं अप्पांचं ठाम मत होतं, त्यामुळं जे काय व्हायचं ते अंगणात. अंगण स्वयंपाकघराला लागून. म्हणून अव्वानं एक नियम घातलेला होता, आणि तो अप्पांनासुद्धा मोडता यायचा नाही: नंदीचं पोट उघडं असेल तर चूल बंद. उदबत्ती नाही, देवापुढं समई नाही, शेजारचे काका विडी ओढत डोकावले तर त्यांनाही, “विडी टाकून या की भावजी,” असं ती तोंडावर सांगायची. मग त्या दिवशी जेवायला आदल्या दिवशीच्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, दही आणि कच्चा कांदा. मला सांगायला लाज नाही, सणाच्या पुरणापेक्षा मला ते जेवण आवडायचं. मागच्या आळीत मागांची खटखट चाललेली, अप्पा गाडीखाली, नुसते पाय दिसतायत, आणि आम्ही कट्ट्यावर बसून भाकरीचे तुकडे कडाकडा मोडतोय. आताही कधी पेट्रोल भरायच्या ठिकाणी रिक्षा थांबली की मला तोंडात शेंगाची चटणी आल्यासारखं होतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते डोकं तपासायला सांगतील, म्हणून सांगत नाही.

पाय अप्पांचे दिसायचे, पण गाडीखाली आणखी एक माणूस असायचं, ते म्हणजे अक्का. महानंदा तिचं नाव. मॅट्रिक झाली आणि घरी बसली. बसली आपलं म्हणायचं, बसायची ती कधीच नाही. अप्पांना नंदीची हौस होती, अक्काला त्याची समज होती, आणि हा फरक अप्पांनीच आधी ओळखला. कार्बोरेटर उतू जायला लागला की आतला तरंगणारा डबा हलवून बघायचा, त्यात पेट्रोल शिरून तो बुडाला असेल तर बारीक भोक शोधायचं, रबरी नळी चिरली असेल तर चिरलेलं टोक कापून तीच पुढं ओढून बसवायची, हे सगळं ती बोलता बोलता करायची. एकदा गळती काही केल्या सापडेना. नळी इंजिनापासून टाकीपर्यंत गाडीच्या पोटाखालून गेलेली, सगळीकडं ओलसर, मूळ कुठं ते कळेना. अक्का हात धुऊन देवघरात गेली आणि विभूतीचा गोळा घेऊन आली. तो कुस्करून तिनं नळी कोरडी पुसली आणि तिच्यावर सगळीभर भस्म लावत सुटली.

“काय करलालीस गं महानंदा?” अप्पांनी विचारलं.

“कुटं गळलालंय ते घावंना झालंय की अप्पा. ओलं लागलं की भस्म काळं पडतंय. आता आपणच सांगतंय बघा.”

आतून अव्वाचा आवाज आला, “अय्यो शिवा! देवाचं भस्म त्या लोखंडाला लावलालीस?”

“नंदीलाच लावलालीय की,” अप्पा गाडीखालून म्हणाले. “दुसऱ्या कुणाला लावलीय?”

अव्वा कानडीत काहीतरी पुटपुटली. उत्तर नसलं की तिची भाषा बदलायची. तेवढ्यात पांढऱ्या नळीवर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा ठिपका उमटला. अप्पांनी डोकं बाहेर काढून असा आरडाओरडा केला की शेजारणी दारात आल्या. तेव्हापासून आमच्या घरात विभूती दोन ठिकाणी असायची, एक देवघरात आणि एक पान्यांच्या डब्यात.

अव्वा अक्कावर ओरडायची खूप, पण तिचा जीव अक्कात होता, माझ्यात नव्हे. हे मी रुसून लिहीत नाही, दिसायचंच ते. संध्याकाळी अक्का पेट्रोलच्या वासाची, काळ्या हातांची घरात आली की अव्वा तिला न्हाणीत घेऊन जायची, शिकेकाईनं डोकं चोळायची, आणि चोळताना, “तुला कोण करून घेणार गं, वाहनाच्या बाजारात उभी करावी लागंल,” असं म्हणत हसायची. मग दोघी कट्ट्यावर बसायच्या. अव्वा केस विंचरायची आणि दोघींचं कानडी-मराठी मिसळून बोलणं सुरू व्हायचं. काय एवढं बोलायच्या कुणास ठाऊक! मी मध्ये काही विचारलं तर अव्वा म्हणायची, “सुम्म कुंद्र.” गप बस. मी गप बसायची आणि ऐकत राहायची. आमच्या घराचा खरा आवाज कुठला असेल तर तो, त्या दोघींच्या बोलण्याचा.

त्या वर्षी नवरात्रात नंदीची टाकीच गळायला लागली. टाकी मागं, डिकीच्या खाली, दोन पत्रे जोडून केलेली. त्या जोडाला गंज चढून फट पडलेली. आता टाकी उतरवायची, धुवायची, जोडाला कथलाचा डाग द्यायचा, हे मोठं काम. आणि दोन दिवसांवर खंडेनवमी. खंडेनवमीला दुकानातली कात्री, गज, वजनकाटा, घरातली विळी, आणि सगळ्यात आधी नंदी, यांची पूजा. पोट फाडून ठेवलेल्या नंदीची पूजा कशी करायची? अप्पा म्हणाले, नवमी होऊ दे, मग बघू. तोवर अक्कानं कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली आणि त्या फटीवर घासून घासून साबण भरला. हा उपाय सगळ्या ड्रायव्हर लोकांना माहीत असायचा. पेट्रोलनं साबण विरघळत नाही, घट्ट बसतो, गळती थांबते. थांबलीसुद्धा. अक्कानं खाली पेपर अंथरून ठेवला, सकाळी पेपर कोरडा. अव्वानं तो उचलून स्वतः नाकाशी धरला आणि मगच चूल पेटवली.

नवमीची सकाळ. अव्वा आत पुरण वाटत होती, अक्का फुलांच्या माळा ओवत होती, मी देवाची भांडी घासत होते. अप्पांना उत्साह आलेला. नंदीला आंघोळ घातली पाहिजे म्हणून त्यांनी बादल्या भरल्या आणि पुढून, मागून, वरून, खालून असं पाणी मारलं. चाकं धुतली, खालचा चिखल धुतला, मोठ्यानं शिवशरणांची वचनं म्हणत धुतला. पेट्रोलनं न विरघळणारा साबण पाण्यानं विरघळतो. एवढी साधी गोष्ट, रोज कपडे धुणाऱ्या घरातल्या, आणि ती आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली नाही.

मग माळा चढल्या, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, चाकांखाली लिंबं ठेवली, पुढं केळीत उदबत्त्यांचा जुडगा खोचला. झेंडू, उदबत्ती, कापूर, पुरण, एवढ्या वासांत दुसरा वास कुणाला येणार? शेजारपाजारची चार माणसं जमली. अव्वा नव्या इरकलीत ताट घेऊन आली. तिची ओवाळण्याची तऱ्हा वेगळी होती. लोक गाडीला पुढून ओवाळतात आणि नारळ फोडून मोकळे होतात. अव्वाचं म्हणणं, नंदी आहे ना तो, मग चारी पायांना ओवाळायचं. दर वर्षी ती प्रत्येक चाकाशी वाकून, दिवा खाली नेऊन ओवाळायची. पुढची दोन चाकं झाली. ती मागच्या चाकाशी आली, वाकली, आणि तेव्हाच अक्काला ते दिसलं. फरशीवरच्या पाण्यावर निळे-जांभळे रंग फिरत होते. टाकीच्या कडेला एक थेंब धरलेला होता.

अक्का ओरडली नाही. ओरडायला वेळ नव्हता. तिनं उडी घेतली, अव्वाचा हात वर ढकलला आणि तोंडानं फुंकर मारून दिवा विझवला, लाल धुमसणारी वात मुठीत चिरडली. ताट फरशीवर पडून घणघणत फिरत राहिलं. कुंकू पाण्यात मिसळलं. ज्यानं असल्या घरात दिवस काढलेत त्यालाच कळेल काय झालं ते. आमच्यात दिवा तोंडानं फुंकत नाहीत. तो फुलानं शांत करतात, नाहीतर आपोआप शांत होऊ देतात. आणि हा तर सणाचा, सवाष्णीच्या हातातला, ओवाळता ओवाळता. अव्वा पुतळ्यासारखी उभी. अप्पा मात्र वाकले, बोट त्या पाण्यात बुडवून नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी उदबत्त्यांचा जुडगा उपटून बादलीत बुडवला, सगळ्यांना मागं सारलं आणि अक्काची मूठ उघडून बघितली. तळहात पोळला होता. “आज पोरीनं सगळ्यांना वाचवलं,” ते म्हणाले. अव्वानंच तिच्या हाताला तूप लावलं. दुपारी तिनं अक्काला आपल्या हातानं पुरणपोळी भरवली, कारण अक्काचा हात दुखत होता. म्हणजे तेव्हा काही नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितेय. तेव्हा काहीच नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर अप्पा गेले. दुकानात गिऱ्हाइकाला लुगडं उलगडून दाखवत होते, खाली बसले ते उठले नाहीत. त्यांना कधी साधा खोकला झालेला मी पाहिला नव्हता. घर माणसांनी भरलं. रडणं, बोलणं, पुन्हा रडणं. आणि त्या गर्दीत आमची आत्या, अप्पांची बहीण, कुणाला तरी म्हणाली, “नवमीला थोरल्या पोरीनं ओवाळताना दिवा फुंकला म्हणं.” बस, एवढंच. ती काही दुष्ट बाई नव्हती. दुःखात माणूस काहीतरी धरायला बघतं, तिच्या हाताला ते लागलं. पण अव्वा तिथंच बसली होती आणि तिनं ते ऐकलं.

त्यानंतर अव्वा अक्काशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, शिव्या नाहीत, नुसतं बोलणं नाही. “सुमे, तिला सांग, जेवून घे म्हणावं.” “सुमे, तिला विचार, पाणी भरलं का.” सुमी म्हणजे मी. दोघी एका स्वयंपाकघरात, हाताच्या अंतरावर, आणि मध्ये मी. संध्याकाळी अक्का सवयीनं कट्ट्यावर जाऊन बसायची. अव्वा आत जाऊन धान्य निवडायची. अक्का अंधार पडेपर्यंत बसायची आणि मग स्वतःच वेणी घालून उठायची. मला वाटायचं मी मध्येच मोठ्यानं किंचाळावं. एकदा मी अव्वाला सरळ म्हटलं, पाणी अप्पांनी मारलं, साबण अप्पांनी धुतला, अक्काचा काय दोष? तिनं माझ्या थोबाडीत मारली. ते वाक्य घरात पुन्हा कुणी उच्चारलं नाही. गेलेल्या माणसाला कोण बोलणार? समोर असतं त्याच्यावरच सगळं येतं.

आमचे स्वामी, म्हणजे आमच्या घरचे गुरू असलेले जंगम, त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते मुद्दाम आले. म्हणाले, “आई, आपल्यात सूतक न्हाय, विटाळ न्हाय, शकुन-अपशकुन न्हाय. ज्याच्या गळ्यात लिंग त्याला कशाचं भ्या? दिव्याचा आणि मालकांच्या जाण्याचा काय संबंध?” अव्वानं त्यांचे पाय धरले, “खरं हाय तुमचं,” म्हणाली, चहा दिला. आणि ते गेल्यावर मला म्हणाली, “सुमे, तिला सांग, कपबशा विसळून ठेव म्हणावं.”

अक्काला वाटलं, अव्वाला पेट्रोलचं नुसतं ऐकून पटलं नसावं. तिनं त्या दिवशी नुसता विझलेला दिवा बघितला, खालचं पाणी बघितलं नाही. एकदा डोळ्यांनी बघितलं की समजेल. तिचा गळती शोधण्यावर फार विश्वास होता. मूळ सापडलं की दुरुस्ती झालीच, असं तिला वाटायचं. एका रविवारी तिनं नंदीच्या टाकीत बेताचं पेट्रोल ठेवलं, फट पुन्हा साबणानं भरली, कडेला विभूती लावली आणि खाली दुकानातल्या मांजरपाटाचा पांढराशुभ्र तुकडा अंथरला. चूल सकाळपासून बंद होती. अव्वाचा नियम अक्कानं पाळला. मग ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

“अव्वा, बाहेर ये की जरा.”

“सुमे, तिला सांग, मला काम हाय.”

“एकदा बघ गं अव्वा. मग नको बोलूस.”

अव्वा आली. पदरानं हात पुसत नंदीच्या मागं येऊन उभी राहिली. अक्कानं लोटाभर पाणी त्या जोडावर ओतलं आणि हातानं चोळलं. साबण बुळबुळीत झाला, घसरला. विभूती काळी पडली. एक थेंब आला, धरून राहिला, आणि कापडावर पडला. मग दुसरा. “हे बघ अव्वा,” अक्का म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “असंच झालं बघ त्या दिवशी. आणि तुझ्या हातात दिवा. मी फुंकला नसता तर तू पेटली असतीस गं.”

अव्वा खाली वाकली. कापडाचा ओला कोपरा उचलून नाकाशी धरला, कितीतरी वेळ धरला. मग ती अक्काकडं वळली आणि सरळ तिच्याशी बोलली.

“मला कळत न्हाय असं वाटलं व्हय तुला? चूल बंद ठेवणारी मीच की गं. दिवा इझला तवाच मला वास आला. तुझी कायबी चूक न्हाय, महानंदा.”

अक्काचा चेहरा असा उजळला की मी अजून तो विसरले नाही. ती एक पाऊल पुढं झाली. अव्वानं हात आडवा केला.

“थांब. ऐक. तुझं तोंड बघितलं की मला वाटतंय, का फुंकलीस? पेटू द्यायचं होतं. ते बी तिथंच हुबे होते. सगळे संगट गेलो असतो, ते असे एकले गेले नसते. आईच्या मनात असं येतंय, पोरींसकट जळावं म्हणून! हे काय चांगलं हाय व्हय? तुझ्याशी बोलाया तोंड उघडलं की हेच येणार बाहेर. म्हणून उघडत न्हाय.” तिनं कापडाचा कोपरा हातातून टाकला. “आज उघडलं, आलं बघ.”

ती आत गेली. अक्का तिथंच, हातात रिकामा लोटा घेऊन. टाकीतून थेंब पडत होते आणि मांजरपाटावरचा डाग मोठा होत होता. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वाईट पाहिलं, नवरा गेलेला पाहिला, पण त्या अंगणाएवढं माझं काळीज कशानं फाटलं नाही. अव्वाचा मला भयंकर राग आला. खरं सांगते, अजून येतो. आणि राग आला की लगेच तिची दयाही येते, आणि मग दोन्हीचा राग येतो.

अक्कानं पुढच्याच आठवड्यात टाकी उतरवली. पेट्रोल काढून, पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन, वाफ जायला उन्हात ठेवून, डाग देणाऱ्याकडून जोड पक्का करून आणला आणि स्वतः बसवला. नंदी त्यानंतर कधी गळला नाही. चालवायला कुणी नव्हतं. सांगोल्याच्या एका डाळिंबवाल्यानं तो नेला. वर्ष सरायच्या आत टेंभुर्णीच्या स्थळानं अक्कालाही नेलं. त्यांचा हायवेवर ट्रकच्या सामानाचा धंदा होता. माणसं चांगली, दिल्या घरी अक्का सुखी झाली. म्हणजे जेवढी व्हायची तेवढी.

सणावाराला ती यायची. अव्वा पुढं माझ्याकडं राहायला आली, तेव्हा माझ्या घरी यायची. ती येणार म्हटलं की अव्वा पहाटे उठून शेंगाच्या पोळ्या करायला बसायची, वांग्याची भाजी तिच्या आवडीची, तेल सुटलेली. ताट वाढून माझ्या हातात द्यायची. “तिला सांग, गरम हाय तवर खा म्हणावं.” अक्का दारापलीकडं बसून सगळं ऐकत असायची. “अव्वाला सांग, झकास झालीय,” ती म्हणायची. माझ्या आणि अक्काच्या पोरांना हा खेळच वाटायचा. मी एकदा वैतागून म्हटलं, मी मेल्यावर काय करणार गं तुम्ही? दोघी एकदम हसल्या. दोन खोल्यांत, पण एकदम. मला त्या हसण्यानंच रडू आलं.

अक्का यंदा उन्हाळ्यात गेली. सकाळी तिच्या मुलाचा फोन आला. अव्वा ओसरीत बसली होती. नव्वदी ओलांडलीय, कमरेत पार वाकलीय, पण कान माझ्यापेक्षा शाबूत. मी फोन ठेवला आणि तिच्यापुढं जाऊन बसले. तिनंच विचारलं, “महानंदा?” अंगणातल्या त्या रविवारनंतर एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी ऐकलं नव्हतं. मी मान हलवली. ती रडली नाही. “पोराला गाडी काढाया सांग,” म्हणाली.

माझ्या मुलाची गाडी विजेवर चालणारी. आवाज नाही, वास नाही. टेंभुर्णीपर्यंत अव्वा खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला भीती वाटत होती, ही तिथं जाऊन काय करेल? गप्प बसून राहिली तर मला ते बघवणार नव्हतं.

आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, तसंच पुरतात. अक्काला ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, डोळे मिटलेले. पूजेला बसल्यासारखी दिसत होती. बायांनी अव्वासाठी खुर्ची आणली. तिनं ती सारली, भिंतीला धरत धरत खाली बसली, आणि सरकत सरकत अक्काच्या पुढं गेली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. तिनं अक्काचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि बोलायला लागली.

आक्रोश नाही, विलाप नाही. बोलणं. साधं, घरातलं. कानडीत सुरू झालं, मराठीत आलं, पुन्हा कानडीत गेलं. “ऊन लई लागलालंय गं यंदा. नळाला पाणी येत न्हाय धड. सुमी काय कराया गेली की धडपडती, तिला सांगून उपेग न्हाय. सुमीच्या पोरानं गाडी आणलीय बघ, त्यात पेट्रोलच घालत न्हाईत म्हणं. मी त्याला म्हणलं, आमची महानंदा बघंल तवा कळंल तुला, गाडी काय चीज असती ते.” मध्येच ती थांबायची, अक्काच्या तोंडाकडं बघायची, मान डोलवायची, आणि पुढं बोलायची. शेंगा कुठल्या चांगल्या निघाल्या, शेजारणीची सून कशी आहे, आपल्याला रात्री झोप कशी येत नाही. अप्पांचं सांगितलं. त्यांना स्वप्नात बघितलं तर ते काय म्हणाले, ते सांगितलं. ओसरीतल्या बाया रडायच्या थांबल्या होत्या. अक्काची सून भिंतीशी तोंडावर हात दाबून उभी होती. मी अव्वाच्या पाठीमागं बसले होते, आणि मध्ये बसायची गरज नव्हती.

ऊन चढलं. बाहेर फुलांनी सजवलेलं वाहन येऊन उभं राहिलं. जंगम आत आले, मागं अक्काचा मुलगा आणि चार माणसं. स्वामी वाकून हळू आवाजात म्हणाले, “आई, वेळ झाली. न्यायला पायजे.”

अव्वानं मान वळवली नाही. अक्काचा हात न सोडता तिनं दुसरा हात वर केला.

“थांबा की जरा,” ती म्हणाली. “आमचं बोलणं चाललंय.”